लतिफच्या नावाची सव्वा मूठ

भागाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गावात बोलतात. खोटं आहे. कारण लागतं, आणि दरवेळी कोणीतरी ते आणून तिच्या ओट्यावर ठेवतं. या वेळी ते मोबाईलमधून आलं.

श्रावणातला गुरुवार होता. सोनगीरचा किल्ला जिथून अंगठ्याएवढा दिसतो अशा गावात भागाबाई ओट्यावर बसून भेंडी चिरत होती. तिची एकुलती लेक दिपमाला जळगावहून, मेहरूणच्या सासरहून, चार दिवसांसाठी आली होती. तिनं फोन चाळता चाळता एकदम मान वर केली.

"आई, हेमराजदादानं कानबाईची यादी टाकलीय ग्रुपवर. एक्केचाळीस नावं, नंबर घालून."

"वाच."

दिपमालानं वाचली. शेवटी थांबली.

"लतिफकाकांचं नाव नाही. खाली लिहिलंय, या यादीबाहेर कोणाच्याही नावाने मूठ काढली जाणार नाही. कुळाचार म्हणजे कुळाचार. पुढे हात जोडलेत, तीन वेळा."

भागाबाईनं विळी आडवी केली. भेंडी तशीच राहिली.

खानदेशातल्या माणसाला कानबाई सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. कानबाई देवळात राहत नाही. तिला ट्रस्ट नाही, दानपेटी नाही, रांग नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर बसवायची. सोमवारी वाजतगाजत नदीला पोचवायची. तिचा नैवेद्य रोटांचा, म्हणजे जाडजूड पोळ्यांचा, आणि रोटाच्या गव्हाचा नियम असा की भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. एक भरलेली मूठ, वर चिमूटभर जास्त. त्याच गव्हाचे रोट, आणि ते खायचे फक्त कुळातल्यांनी. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा या कुळात रोट चालत नाही.

बायकांच्या नावानं मूठ नाही. गहू निवडणार बाई, दळणार बाई, चुलीपुढे भाजून निघणार बाई, आणि नाव घ्यायची वेळ आली की पुरुष. भागाबाई घराण्यातली थोरली सून, म्हणून तीस वर्षं मूठ भरायचा मान तिचा. तिच्या हाताच्या मापानं सगळं कुळ मोजलं जायचं आणि त्या मोजणीत ती स्वतः कुठेच नव्हती. यावरही तिचा राग होता, पण तो जुना होता, त्याच्यावर घट्टे पडले होते.

नवा राग वेगळा. तिचा नवरा रुपचंद जाऊन तेरा वर्षं झाली. घरात पुरुष नाही. तिच्या घराची एकच मूठ परातीत पडत होती, ती लतिफ पिंजाऱ्याच्या नावाची. ती मूठ गेली की कानबाईपुढे भागाबाईचं घरच उरत नव्हतं. हेमराज हा रुपचंदचा सख्खा पुतण्या. त्याला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

लतिफची मूठ आली कुठून, तर रुपचंदच्या आजारातून. त्याची किडनी गेली आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला धुळ्याला मशीनवर न्यावं लागायचं. पहिल्या आठवड्यात सगळे भाऊबंद आले. दुसऱ्या आठवड्यात दोघे. पुढे कोणाचा कापूस, कोणाचं लग्न, कोणाची गाडी पंक्चर. भागाबाईला एकेकाची सबब अजून पाठ आहे. विचारलं तर ती वारासकट सांगेल.

लतिफला कोणी सांगितलं नव्हतं. गाद्या-रजया भरणारा माणूस, रुपचंदच्या बरोबरीचा, लहानपणी दोघं मिळून बोरं चोरायचे, एवढंच नातं. एका मंगळवारी त्यानं आपला टेम्पो दारात आणून लावला, मागे नवी गादी टाकली आणि रुपचंदला म्हणाला, "चाल रे, तुले फिराई आनस." पावणेदोन वर्षं फिरवलं. शुक्रवारी रुपचंद मशीनवर असताना तो धुळ्यात नमाज पढून यायचा. मंगळवारी नुसताच बाकावर बसून असायचा.

त्या वर्षी भागाबाई गहू काढत असताना रुपचंद खाटेवरून बोलला, "एक मूठ अजून काढ. लतिफनी."

कानबाई तेव्हा रुपचंदच्याच घरी बसायची. सगळं कुळ जमलेलं. सगळ्यांनी प्रेमराजनानांकडे पाहिलं. नाना तेव्हाही घराण्यातले सर्वांत वडील होते. त्यांनी पान जुळवता जुळवता सांगून टाकलं, "काढ वं. ज्यानी मूठ त्याना रोट." झालं. निर्णय पान लावायच्या वेळेत झाला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडवलं ते लतिफनं. रोट घेऊन भागाबाई त्याच्या दुकानात गेली तर त्यानं ताट कपाळाला लावलं आणि बाजूला ठेवलं.

"वैनी, राग नको धरू. देवीपुढे ठेयेल मी खात नही."

भागाबाईचं डोकं भडकलं. "काबं? मन्ही कानबाई काय विटाळ शे का तुले?"

"तुन्ही कानबाई तुले खरी शे," लतिफ म्हणाला. "मी तिन्हा पाया पडत नही. मंग तिन्हा प्रसाद गुपचूप खाई लिसू, तर तुन्हाशी लबाडी व्हई, नि मन्हा अल्लाशीबी. दोन्हीकडे लबाड कसाले व्हऊ?"

ती ताट उचलून तरातरा घरी आली. तीन दिवस बोलली नाही. मंगळवारी तो टेम्पो घेऊन आला तरी बोलली नाही, रुपचंदला गाडीत बसवलं आणि दार आपटलं. मग चौथ्या दिवशी भाकरी थापताना तिच्या डोक्यात आलं, या माणसाला गोड बोलून ताट घेता आलं असतं. पाठ फिरल्यावर कुत्र्याला घालता आलं असतं. आपल्याला काय कळणार होतं? तोंडावर नाही म्हणाला, कारण त्याला त्याचा देव खरा वाटतो आणि आपला खोटा पाडायचा नाही. असे किती आहेत आपल्या कुळात? तिनं मोजून पाहिलं. एका हाताची बोटंही पुरून उरली.

पुढच्या वर्षापासून तिनं रीत बसवली. नैवेद्य दाखवायच्या आधी दोन रोट बाजूला काढायचे. ते देवीचे नाहीत, लतिफचे. कानबाई रागावेल असं तिला एकदाही वाटलं नाही. घरी पाहुणी येणारी देवी आहे ती, पंगतीत कोणाच्या ताटात काय पडलं हे बघत बसणारी भावकी नाही. लतिफही दर श्रावणात पिंजलेला पांढराशुभ्र कापूस आणून द्यायचा, दिव्याच्या वातींसाठी. पाया पडायचा नाही. कापूस ओट्यावर ठेवून जायचा.

रुपचंद गेला. कानबाई हेमराजच्या घरी गेली, कारण त्याचं घर स्लॅबचं आणि दारात मांडव मावतो. मूठ मात्र चालू राहिली. आणि आता तीन वेळा हात जोडून ती बंद करायचं चाललं होतं.

शुक्रवारी दुपारी भागाबाई लतिफच्या दुकानात गेली. तो नुकताच नमाजहून आला होता, डोक्यावर टोपी तशीच. यादीची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. गावात वाईट बातमीला टेम्पो लागत नाही.

"काढी टाक वैनी मन्हं नाव," तो म्हणाला. "मन्हा जावईबी तेच सांगस. म्हनस, त्यांच्या देवीच्या पिठात तुमचं नाव कशाला? दोन्हीकडना पोरं एकच शाळामा शिकनात वाटस."

"तुन्हा जावईले सांग, मन्हाशी येईसन बोल."

"भांडू नको मन्हा करता."

"तुन्हा करता कोन भांडी ऱ्हायनं?" भागाबाई उसळली. "नाव तुन्हं शे, मूठ मन्ही शे!"

"हा ना. मंग इतला वरीस मन्हं नाव ली ऱ्हायनी, एकदा तरी माले इचारं का?"

भागाबाईनं तिच्यासाठी बांधून ठेवलेला वातींचा कापूस हातात घेतला, परत खाली ठेवला. खरंच विचारलं नव्हतं. रुपचंदनं विचारलं नव्हतं, तिनंही नाही. त्याच्या धर्मात हे बसतं का, त्याला घरी बोलणी बसतात का, कधीच नाही.

"आते इचारस," ती शेवटी म्हणाली. आवाज अजून भांडणाचाच होता. "नको शे का तुले?"

लतिफनं टोपी काढून घडी केली, खिशात घातली. कापूस पिंजायच्या मशीनचा पट्टा बोटानं ओढून पाहिला.

"देवीनी म्हनशी तर माले काही लेनंदेनं नही," तो म्हणाला. "पन ती मूठ रुपचंदनी शे. त्यानी खाटवरथून काढेल शे. ती माले पायजे."

"मंग चूप बठ," भागाबाई म्हणाली, आणि वातींचा कापूस उचलून निघाली.

शनिवारी सकाळी हेमराजच्या घरी सगळे जमले. दारात भलामोठा फलक, त्यावर कानबाई लहान आणि हेमराज मोठा. आत सोनगीरची पितळी परात मांडलेली. प्रेमराजनाना खुर्चीत, आता ऐंशी पार, पान खलबत्त्यात कुटून खाणारे. हेमराजची बायको ज्योत्स्ना गव्हाचं पोतं सोडून बसलेली, तिचा सहा वर्षांचा तेजस शेजारी. बायका भिंतीला, पुरुष दाराशी.

भागाबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि परातीपुढे बसली. हेमराज कागद घेऊन उभा राहिला. एकेक नाव वाचायचा, ती एकेक मूठ टाकायची आणि वर चिमूट. प्रेमराज. नवल. हेमराज. तेजस. नावं पडत गेली, गव्हाचा ढीग वाढत गेला. एक्केचाळिसावं नाव झालं, हेमराजनं कागदाची घडी घातली.

"झालं. जय कानबाई."

भागाबाईचा हात पुन्हा पोत्यात गेला. तिनं मूठ भरली, परातीवर आणली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लतिफ." मूठ सोडली. चिमूट घेतली, तीही सोडली.

"काकू!" हेमराज ओरडला. "यादी संपली होती."

"तुन्ही संपनी. मन्हा घरनी आते सुरू व्हयनी."

"हे बघा, माझं त्या माणसाशी काही वैर नाही. चांगला माणूस आहे. पण त्याचा धर्म त्याच्या घरी, आपला आपल्या घरी. यात काय चुकलं? देवीच्या कामात दुसऱ्या धर्माचं नाव चालत नाही."

"कोन सांगं? देवीनी फोन करा का तुले?"

भिंतीकडच्या बायकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. हेमराजचे कान लाल झाले.

"तो आपला प्रसाद तरी खातो का? विचारा ना! नैवेद्याच्या आधीचे रोट लागतात त्याला. म्हणजे आपली देवी त्याला चालत नाही, आणि आपण त्याची मूठ काढायची?"

"तो खात नही ते तोंडवर सांगस. तू उपास धरीसन हायवेना ढाब्यावर काय खास, ते मी सांगू का देवीपुढे?"

आता दाराशी पुरुषही हसले. हसायला नको होतं, कारण हेमराजला चारचौघांत हसलेलं चालत नाही.

"आन हाऊ विटाळ आजच दिसना का तुले?" भागाबाई थांबेना. "इतला वरीस कानबाईपुढे दिवा जळस, त्यानी वात कोना कापूसनी शे? तुन्हा लगीननी गादी कोनी भरी? तिन्हावर पंधरा वरीस लोळी ऱ्हायना, तव्हय धरम कोठे गयथा?"

"बस!" हेमराज पुढे आला. "ती मूठ बाहेर काढा."

"काढ."

"तुम्ही टाकली, तुम्ही काढा."

भागाबाईनं परात दोन्ही हातांनी त्याच्या पायाशी सरकवली. "कोनती काढू? दखाड माले. कोनता दाना लतिफना, कोनता तुन्हा? नाव लिखेल शे का दानावर?"

हेमराजनं परातीत पाहिलं. गहू होते. एका पोत्यातले, एका रंगाचे. सगळे ओतून नवे काढावेत तर तेही शक्य नव्हतं. नावानं निघालेला दाणा पोत्यात परत जात नाही आणि बाहेरही टाकत नाहीत, हा नियम शेंबडं पोरही सांगेल. कुळाचार म्हणजे कुळाचार, असं त्यानंच लिहिलं होतं.

मग त्यानं काय करावं? त्यानं वाकून परातीत हात घातला आणि स्वतःच एक मूठ उचलली.

"ही घ्या. झाली कमी. हिशेब तेवढाच राहिला ना?"

"घे," भागाबाई म्हणाली. "पन मिसळेल मूठ शे ती. तिन्हामा लतिफना दाना किती, नि तुन्हा पोऱ्याना किती, तेवढं सांगीसन फेक."

आता ज्योत्स्ना उठली. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं, असं धरलं की बांगड्या वाजल्या.

"टाका परत."

"तू मध्ये पडू नको."

"तेजसची मूठ आहे त्यात! टाका म्हणते ना परत, आधी टाका!"

हेमराजनं बायकोकडे पाहिलं, मग पोराकडे. तेजस आ वासून बापाच्या मुठीकडे बघत होता. मूठ सैल झाली. गहू परातीत पडले. दोन दाणे फरशीवर उडाले, ते ज्योत्स्नानं बोटानं टिपून परातीत ठेवले.

नाना खुर्चीतून इतकंच म्हणाले, "दळाले लई जा रे कोनी. दुपार व्हयनी."

भागाबाईची मूठ राहिली. दुसरी कोणी असती तर खूश होऊन घरी गेली असती. भागाबाई आणखी तापली, कारण स्वयंपाकघरात ज्योत्स्ना तिच्या कानाशी येऊन कुजबुजली, "काकू, काही होणार नाही ना तेजसला? देवी कोपणार नाही ना?"

"तुन्ही देवी पोरंसवर टपेल शे का?" भागाबाई इतक्या जोरात बोलली की बाहेर ऐकू गेलं. "माय म्हनतस तिले, नि चेटकीन समजतस! मी काय भेव घालाले मूठ टाकी का? ज्या मानूसनी मन्हा नवराले दोन वरीस सांभाळं, त्याना मान म्हनीसन टाकी. तुमले मान समजत नही, भेव समजस."

ज्योत्स्ना रडायला लागली. भागाबाईला वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. बाहेरून हेमराजचा आवाज आला. पुढच्या वर्षी मूठ दुसऱ्या हातानं निघेल, आणि त्या हाताला यादी वाचता येत असेल. भागाबाईनं दारातून नानांकडे पाहिलं. ज्या नानांनी पानाच्या वेळात निर्णय दिला होता, ते आता खलबत्त्यात कुटलेलं पान चघळत होते. तोंडात पान असलं की माणसाला बोलता येत नाही, ही फार मोठी सोय आहे.

रविवारी रोट झाले. नैवेद्याच्या आधी भागाबाईनं दोन बाजूला काढले. कोणी काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं ताटावर फडकं टाकलं नाही. भर दुपारी, उघडं ताट हातावर घेऊन, हेमराजच्या फलकाखालून, मारुतीच्या पारावरून, बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती लतिफच्या दुकानात गेली.

लतिफनं हात धुतले. दरवर्षी विचारायचा तसं विचारलं, "आधी काढेल शे ना?"

"नही. तुन्हा करता देवीले फसाडी उनू."

तो हसला. बिस्मिल्ला म्हणून तुकडा मोडला. खाता खाता म्हणाला, "भांडन करं ना?"

"नही."

"तुन्हं तोंड सांगी ऱ्हायनं."

"खा गुपचूप."

"रोट जाडा व्हयनात अवंदा," तो म्हणाला. मग तुकडा हातातच ठेवून, खाली बघत, "पुढला वरीस नही ना?"

भागाबाईनं ताट रिकामं व्हायची वाट पाहिली, ते उचललं आणि दारातून वळून म्हणाली, "पुढला वरीस मन्हा घर कानबाई बसी. जास्तना कापूस लागी, ध्यानमा ठेव."

"मी पाया नही पडाव, आधीच सांगस."

"तुले कोन पड म्हनी ऱ्हायनं? मांडवना खांब धरीसन उभा ऱ्हाय. इतला मोठा मांडव, नि घरमा गडी नही, कोनी तर धराले पायजे."

घरी आल्या आल्या तिनं शिडी माळ्याला लावली. रुपचंद होता तेव्हा कानबाई ज्या चौरंगावर बसायची, तो तेरा वर्षं वर पडून होता. त्याच्यावर कांद्याची रिकामी पोती, तुटकी चाळण, उंदराच्या लेंड्या. तिनं पोती खाली भिरकावली. दिपमाला धावत आली.

"आई, उतर खाली! काय करतेस? पुढच्या श्रावणाला अजून वर्ष आहे."

"मंग पुसाले वरीस लागी. धर तिकडून."

दिपमालानं धरलं. चौरंगाचा एक पाय हलत होता. खाली आणताना दोघींच्या अंगावर धूळच धूळ झाली. भागाबाईनं पदरानं वरची फळी पुसायला घेतली, दात ओठ खाऊन, जणू फळीनंच काहीतरी केलं होतं.

"आई," दिपमाला हळूच म्हणाली, "आपल्या घरी बसली तर मुठी कोणाकोणाच्या काढशील? आपल्या घरात तर पुरुषच नाही."

भागाबाईचा हात थांबला. तिनं लेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या उघड्या तळव्याकडे.

"गहू किती शेतस घरमा?" तिनं विचारलं.

"आहेत एक पोतं."

"मंग तुन्ही-मन्ही मूठबी पुरी," असं म्हणून ती पुन्हा फळी घासायला लागली.